बूथवर चेहरा कोणी बघायचा? पहिल्यांदा ड्युटीवर निघालेल्या शिक्षिकेला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. नोकरीला लागून वर्षही झालं नाही आणि मतदान अधिकारी क्रमांक १ म्हणून तुमची ऑर्डर आली आहे. बूथ मुस्लिम वस्तीतला आहे. प्रशिक्षणाच्या शेवटी कोणीतरी घाईघाईत सांगितलं, 'बुरख्यातल्या मतदारांची ओळख नीट पटवा', पण कशी ते सांगितलं नाही. नकाब वर करायला सांगायचा अधिकार आपल्याला आहे का? बाईने नकार दिला तर काय करायचं? आणि एजंट ओरडायला लागला तर ऐकायचं कोणाचं?

मी नाशिक जिल्ह्यात एकतीस वर्षं शाळेत शिकवलं आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक निवडणुकीत ड्युटी केली. आधी तुमच्याच खुर्चीवर बसले, मग केंद्राध्यक्ष झाले आणि निवृत्तीआधीची काही वर्षं प्रशिक्षणात शिकवलं. तुमच्यासारखा प्रश्न प्रत्येक वर्गात कोणीतरी विचारायचं, तेही बहुतेक वेळा चहाच्या सुट्टीत, हळू आवाजात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर. हो, चेहरा बघायचा आहे. पण तो बाई अधिकाऱ्याने बघायचा, आडोशाला बघायचा, आणि खोलीतल्या दुसऱ्या कोणालाही तो दिसता कामा नये. यात 'बघायचा' आणि 'आडोशाला' हे दोन्ही शब्द सारखेच बंधनकारक आहेत. पहिला शब्द लक्षात ठेवून दुसरा विसरणारे अधिकारी मी जास्त पाहिले. दुसऱ्याच्या संकोचापायी पहिला सोडून देणारेही पाहिले आहेत. चूक दोघांचीही आहे.

विधानसभा-लोकसभेला १९६१ चे निवडणूक संचालन नियम लागू होतात. त्यांत मतदाराची ओळख पटवण्याचा नियम आहे, त्यात बुरखा हा शब्दच नाही. मतदार आत आला की त्याचं नाव आणि तपशील यादीशी ताडून बघायचा, अनुक्रमांक आणि नाव मोठ्याने पुकारायचं, ओळखपत्र बघायचं. यादीत छपाईची किंवा लेखनिकाची चूक असेल तर तिच्याकडे दुर्लक्ष करायचं, मात्र समोरची व्यक्ती तीच आहे याबद्दल केंद्राध्यक्षाचं समाधान झालेलं असलं पाहिजे. सगळा कायदा या 'समाधान' शब्दावर उभा आहे. फोटोचं ओळखपत्र समोर ठेवलंय आणि फोटो कोणाचा आहे ते बघितलंच नाही, तर समाधान कशाचं झालं? म्हणून चेहरा बघावा लागतो.

त्याच नियमांत महिला मतदारांच्या सोयीसाठी वेगळा नियम आहे. केंद्राध्यक्षाला मदतीला एक स्त्री परिचर नेमता येते. आणि केंद्राध्यक्षांच्या पुस्तिकेत पडदानशीन स्त्रियांबद्दल स्पष्ट सूचना आहे: अशा मतदार बऱ्याच असतील तर त्यांची ओळख आणि बोटाला शाई हे काम महिला मतदान अधिकाऱ्याने वेगळ्या आडोशात, त्यांचा खासगीपणा आणि मान राखून करायचं. आडोसा कशाचा? पुस्तिका म्हणते की गावात मिळेल त्याचा, बाज उभी करा किंवा कापड लावा, खर्च करू नका. सरकारी कागदात बाज हा शब्द वाचून मला फार बरं वाटलं होतं. हे लिहिणाऱ्याने कधीतरी खेड्यातल्या बूथवर रात्र काढली असणार.

आता अडचण कुठे येते ते सांगते. त्याच पुस्तिकेत असंही आहे की मतदान प्रतिनिधींना, म्हणजे एजंटांना, अशा जागी बसवा की आत येणाऱ्या मतदाराचा चेहरा त्यांना दिसेल. हेतू रास्त आहे. चेहरा दिसला तरच ते 'ही ती नव्हे' असा आक्षेप घेऊ शकतात. पण एजंट बहुतेक पुरुष असतात आणि त्याच गल्लीतले असतात. कोणी दीर, कोणी चुलत सासरा, कोणी समोरच्या किराणा दुकानाचा मालक. ज्यांच्यापासून ती बाई आयुष्यभर पडदा करते नेमके तेच तिच्यासमोर रांगेने बसलेले. म्हणून आडोशाचा नियम एजंटांच्या बाकाला लागू होत नाही असं कोणी म्हणालं तर मानू नका. उलट तो नियम त्या बाकासाठीच आहे. ज्या पक्षाला शंका आहे त्याने महिला एजंट नेमावी. एक प्रतिनिधी आणि दोन बदली प्रतिनिधी देता येतात, तिघांत एक बाई मिळत नाही असं होत नाही.

हे मी शहाणपणाने सांगतेय असं वाटेल, पण शिकले ते चुकून. तुमच्याएवढीच होते. आडोसा केलेला नव्हता, रांग मोठी होती, आणि मी समोर आलेल्या तरुण मुलीला सगळ्यांदेखत म्हणाले, 'ताई, तोंड उघडा, फोटो बघायचाय.' आवाज चढा नव्हता. शाळेत जसा लागतो तसाच लागला होता. तिने एकदा एजंटांकडे पाहिलं, माझ्या टेबलावरून कार्ड उचललं आणि मागे वळली. तिच्या मागे तिची सासू होती, तीही गेली. त्यांच्यामागे शेजारच्या दोघी होत्या. मी थांबवायला उठले तोवर चौघी फाटकाबाहेर. दिवसभर मी रांगेकडे बघत होते, त्या परत आल्या नाहीत. संध्याकाळी यंत्रातला आकडा आणि नोंदवहीचा आकडा तंतोतंत जुळला, केंद्राध्यक्षांनी शाबासकी दिली. त्या चार मतांची नोंद करायला कुठल्याच फॉर्मात रकाना नव्हता.

म्हणून आडोशाचं आदल्या संध्याकाळीच बघा. सकाळी वेळ मिळत नाही. वर्गखोलीत दाराजवळची, खिडकीच्या उजेडातली जागा निवडा. अंधाऱ्या कोपऱ्यात चादर लावली तर चेहरा दिसणार नाही आणि सगळा खटाटोप वाया जाईल. मतदान कक्षाच्या, म्हणजे यंत्र ठेवलेल्या आडोशाच्या, जवळ मात्र अजिबात नको. पहिल्यांदा आलेल्या बायका त्यालाच मतदान कक्ष समजतात, आणि एजंटांनाही संशय येतो की आत काहीतरी चाललंय. त्यावरही उपाय आहे. सकाळी अभिरूप मतदानाला, म्हणजे यंत्र तपासायच्या चाचणी मतदानाला, एजंट जमतात तेव्हा केंद्राध्यक्षांना सांगून तो आडोसा त्यांना रिकामा दाखवा. चादर बाजूला करून, आत फक्त एक खुर्ची आहे हे बघू द्या. कोण बघणार, काय बघणार, हे दोन वाक्यांत सांगा. दिवसभरातली निम्मी भांडणं तिथेच संपतात, हा माझा अनुभव आहे.

तुम्ही क्रमांक १ आहात, चिन्हांकित यादी, म्हणजे आलेल्या मतदाराच्या नावावर रेघ मारायची ती प्रत, तुमच्यापुढे आहे. प्रत्येक वेळी तुम्ही उठून आडोशात गेलात तर रांग ठप्प होईल. म्हणून मदतीला एक बाई मागून घ्या. २०२५ मध्ये बिहारची निवडणूक जाहीर करताना मुख्य निवडणूक आयुक्तांनी सांगितलं होतं की बुरखा-घुंगटातल्या मतदारांची ओळख पटवायला, गरज पडेल तिथे, अंगणवाडी सेविका बूथवर असतील. त्यावर बराच गदारोळ झाला, पण बूथवर काम केलेल्यांना त्यात नवीन काही वाटलं नाही. आपल्याकडेही सेविका, मदतनीस, आशाताई यांना आम्ही बसवत आलो. सेविकेला घरोघर माहीत असतं, बाळंतपणापासून लसीकरणापर्यंत. तिच्यासमोर बाईला संकोच वाटत नाही. एक मात्र सांभाळा. सेविका 'मी ओळखते हिला' म्हणाली म्हणजे काम झालं असं नाही. ती त्याच गावची, तिचीही नाती आणि बाजू असतात. तिने चेहरा आणि ओळखपत्र ताडून सांगायचं, निर्णय तुमचा आणि केंद्राध्यक्षांचा. शंका आली की तुम्ही स्वतः उठायचं, रांग दोन मिनिटं थांबली तरी चालेल.

ताडून काय बघायचं? कार्डावरचा फोटो दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा असतो, यादीतला तर टपाल तिकिटाएवढा आणि काळवंडलेला. फोटोतली मुलगी वीस वर्षांची, समोरची बाई दोन बाळंतपणांनंतरची. हुबेहूब साम्य शोधू नका, तुमचा स्वतःचा आधार कार्डावरचा फोटो आठवा. भुवया, डोळ्यांमधलं अंतर, नाक, हनुवटी, एखादा तीळ बघा. नाहीच पटलं तर गप्पा मारल्यासारखं विचारा. घरात मतदार किती, वय काय, घराचा नंबर काय, वडिलांचं नाव काय.

नवऱ्याचं नाव विचारताना थोडं थांबा. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही. आपल्याकडे त्यासाठी उखाणा लागतो. बूथवर उखाणा कुठून सुचणार? एका आजीबाईंनी मला नाव न सांगता बरोबरच्या नातवाकडे बोट दाखवून 'याचा आज्जा' एवढंच सांगितलं होतं. मी यादीतलं नाव वाचून दाखवलं, त्यांनी मान डोलावली. नाव त्यांच्याकडून वदवून घेण्याची सक्ती करू नका.

नावाचा हा पडदा फार जुना आहे, आणि त्याची किंमत आपण एकदा मोजलेली आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी, १९५१-५२ मध्ये, सुमारे २८ लाख स्त्रियांची नावं यादीतून काढावी लागली. कारण त्यांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढीच नोंद. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त होते आणि अशा नोंदी त्यांनी मान्य केल्या नाहीत. त्या काळी तो निर्णय कठोर वाटला असेल, पण पुढच्या निवडणुकांत बायका आपल्या नावाने यादीत आल्या. मला हा प्रसंग नेहमी महत्त्वाचा वाटतो. राज्याने 'तुम्ही कोण' हे विचारणं म्हणजे अपमान नव्हे. मताचा मालक कोण हे तिथे ठरतं. तिचं मत दुसऱ्या कोणी बुरखा घालून टाकू नये, ही काळजी सर्वांत आधी तिच्याच हक्काची आहे.

हाच प्रश्न फोटोवरूनही न्यायालयात गेला होता. मदुराईच्या एका मतदाराने मतदार यादीत पडदानशीन स्त्रियांचे फोटो छापायला हरकत घेतली होती. मद्रास उच्च न्यायालयाने २००६ मध्ये ती फेटाळली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, तेव्हा जानेवारी २०१० मध्ये खंडपीठाने तोंडी म्हटलं की धार्मिक भावना इतकी तीव्र असेल तर मतदानाला जाऊ नका. कायद्याची बाजू मला मान्य आहे. फोटो हवा, चेहरा ताडला पाहिजे. पण 'मग येऊ नका' हे वाक्य बूथवरच्या अधिकाऱ्याच्या तोंडी कधीही शोभणार नाही. आपलं काम तिला आत आणण्याचं आहे. आमच्या शाळेतल्या उर्दूच्या बाई मला समजावून सांगायच्या की साक्षीसाठी, ओळखीसाठी गरज असेल तेव्हा चेहरा दाखवायला त्यांच्या धर्मशास्त्रातही वाव आहे, हजच्या इहराममध्ये, म्हणजे यात्रेतल्या पवित्र अवस्थेत, तर नकाब बांधायचाच नसतो, आणि हजला जायला पासपोर्टवर पूर्ण चेहऱ्याचा फोटो लागतोच. बायकांना हे ठाऊक असतं. त्यामुळे खरा नकार फार क्वचित मिळतो. मिळतो तेव्हा तो बहुधा कायद्याला नसतो, समोर बसलेल्या पुरुषांना असतो.

तरीही आडोशात, बाईसमोरही चेहरा दाखवायला कोणी साफ नकार दिला तर? केंद्राध्यक्षांकडे न्या. त्यांनी शांतपणे एकदा समजावावं. नाहीच ऐकलं तर ओळखीबद्दल समाधान झालं नाही म्हणून मतदान करता येणार नाही असं सांगावं आणि दैनंदिनीत नोंद करावी. पोलिसाला बोलवायचं कारण नाही, नकाबाला हात लावायचा तर प्रश्नच नाही. नकाब नेहमी तिनेच वर करायचा. शाईचंही तसंच. डाव्या हाताची तर्जनी दाखवावी लागते, मोजा असेल तर काढावा लागतो, शाई लावू दिली नाही तर मतदान नाही. हे सगळ्यांनाच आहे.

'सगळ्यांनाच' यावर जरा थांबते, कारण इथे आपले लोक चुकतात. तोंड झाकलेली बाई म्हणजे बुरख्यातलीच, असं नाही. तांड्यावरच्या जुन्या बंजारा बायका वडीलधाऱ्यांसमोर घुंगटो ओढतात. पेठेतल्या मारवाडी घरच्या सुना सासऱ्यासोबत मतदानाला आल्या की पदर हनुवटीपर्यंत येतो. स्कूटीवरून आलेल्या कॉलेजच्या मुली उन्हासाठी बांधलेला स्कार्फ तसाच ठेवून आत येतात. कोविडच्या काळात तर आयोगानेच सूचना दिली होती की ओळखीसाठी गरज पडेल तेव्हा मतदाराने मास्क खाली करावा. तेव्हा सगळ्यांनी केला, कोणाला काही वाटलं नाही. रांगेतल्या बाया सगळं बघत असतात. घुंगटवालीला 'या आजी' म्हणून सोडलं आणि पुढच्या बुरखेवालीला थांबवलं, तर तुमच्या मनात काहीही नसलं तरी अर्थ एकच निघतो. ज्या बूथवर घुंगट जास्त, तिथेही तोच आडोसा, तीच पद्धत.

आता एजंट. त्याला ओरडायचा अधिकार नाही, आक्षेप घ्यायचा आहे. पद्धत ठरलेली आहे. दर आक्षेपाला दोन रुपये रोख केंद्राध्यक्षांकडे भरायचे. हो, आजही दोनच. मग केंद्राध्यक्ष मतदाराला तोतयेगिरीची शिक्षा समजावतात, तिची माहिती आक्षेपित मतांच्या यादीत, नमुना १४ मध्ये लिहितात आणि चौकशी करतात. पुरावा आधी एजंटने द्यायचा. 'मला वाटतं', 'बुरख्यात कोणीही येतं' हा पुरावा नव्हे. त्याच्याकडे काही नसेल तर बाई मतदान करते. आक्षेप उगीचच घेतला असेल तर पैसे सरकारजमा. खरोखर दुसऱ्याच्या नावावर आली असेल तर तिला पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. तोतयेगिरीला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दोन रुपये काढायला सांगितलं की सरसकट आरडाओरडा करणारे बहुतेक जण गप्प बसतात, खरी शंका असलेला मात्र काढतो. त्याचं नीट ऐका. आक्षेप घेणारा प्रत्येक जण खोडसाळ नसतो.

उमेदवार स्वतः आला तरी नियम तोच. २०२४ च्या मे महिन्यात हैदराबादला एका उमेदवाराने रांगेतल्या बायकांना नकाब वर करायला लावून कार्डं तपासली आणि त्याबद्दल गुन्हा नोंदवला गेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये उत्तर प्रदेशातल्या पोटनिवडणुकीत मतदारांची ओळखपत्रं तपासणाऱ्या काही पोलिसांना आयोगाने निलंबित करायला लावलं. बंदोबस्तावरच्या माणसाने फाटकाशी कार्ड मागितलं तर लगेच केंद्राध्यक्षांना सांगा. ओळख पटवणं हे मतदान अधिकाऱ्याचं काम आहे, आणि ते खोलीच्या आत होतं.

खरं सांगू? बोगस मताची धास्ती आपण बुरख्याला चिकटवतो, पण माझ्या टेबलावर घोटाळे झाले ते बहुतांशी नावांमुळे. एकाच यादीत पाच-सहा शबाना शेख असतात, तिघींचं वय चाळिशीच्या आत, दोघींच्या नवऱ्याचं नावही सारखं. घाईत चुकीच्या ओळीवर रेघ मारली, एका शबानाचं मत दुसरीच्या नावावर गेलं. दुपारी ती दुसरी येते, तिच्या नावावर आधीच रेघ. मग तिला प्रदत्त मत द्यावं लागतं, कागदी मतपत्रिकेवर, वेगळ्या पाकिटात, आणि मोजणीत ते धरलं जात नाही. बाहेर गल्लीत मात्र बातमी होते की बुरख्यात बोगस मतदान झालं. म्हणून नावावर थांबू नका. अनुक्रमांक, घर क्रमांक, कार्डाचा नंबर, सगळं बोट ठेवून वाचा. बीएलओकडची, म्हणजे त्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याकडची, गैरहजर, स्थलांतरित आणि मयतांची यादी सकाळीच शेजारी उघडून ठेवा. नुसती व्होटर स्लिप ओळखपत्र म्हणून चालत नाही, हे २०१९ पासून आहे, तरी लोक तीच घेऊन येतात.

आणि एका मताने काय होतं असं कोणी म्हणालं, तर आपल्या जिल्ह्याचंच उदाहरण आहे. २०२४ च्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी लागला. मतदारसंघभरातल्या बूथांवर मिळून १६२. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंचे एजंट किती ताणात बसलेले असतात ते समजून घ्या, त्यांच्यावर चिडू नका. एखाद्या बूथवर चार बायका परत गेल्या किंवा चार तोतया आत शिरल्या, दोन्हीचा हिशेब तिथे लागतो.

एक खुलासा. नगरपालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतीच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांचे नमुने आणि पुस्तिका वेगळ्या असतात. तुमची ऑर्डर कशाची आहे ते बघून त्यांची पुस्तिका वाचा. वर सांगितलेले नमुन्यांचे क्रमांक विधानसभा-लोकसभेचे आहेत.

आता पिशवीत काय न्यायचं ते. साहित्यात आडोशाचं कापड मिळेलच असं नाही. घरची एक जाड, गडद रंगाची डबल चादर घ्या. पातळ चादरीतून उजेडात सावली दिसते. नायलॉनची दोरी, कपड्यांचे दहा-बारा चिमटे, दोन खिळे. सेफ्टी पिनांचं एक पाकीट आणि हातात मावेल एवढा आरसा नक्की ठेवा. नकाब बऱ्याचदा पिनांनी लावलेला असतो. वर करताना पिन पडते, परत लावायला आरसा नसला की बाई चाचपडत राहते आणि बाहेरून 'किती वेळ?' सुरू होतं. आरसा खिडकीच्या बाजूला टांगा, खुर्चीवर बसल्या जागी दिसेल अशा उंचीवर.